विरघळलं की वितळलं? मुलांना पदार्थाच्या अवस्था हाताने शिकवताना

‘बर्फ विरघळला’ असं आपण सगळेच म्हणतो. ‘चहातली साखर वितळली का बघ’ असंही म्हणतो. घरात त्यावाचून कुणाचं अडत नाही. पण तिसरी ते सहावीच्या मुलांना पदार्थाच्या अवस्था शिकवायला बसलं की पहिली गाठ इथेच पडते. बर्फ वितळतो : त्याला फक्त उष्णता मिळाली की पुरे, त्याचंच पाणी होतं. साखर विरघळते : तिला पाणी हा दुसरा पदार्थ लागतो, आणि ती त्याच्यात मिसळून जाते. एकात एकच पदार्थ आहे, दुसऱ्यात दोन.

हे सांगण्यापेक्षा दाखवा. दोन कोरड्या वाट्या घ्या. एकीत बर्फाचा खडा, दुसरीत चमचाभर साखर. दोन्ही वीस मिनिटं तशाच ठेवा. बर्फाचं पाणी झालेलं असेल, साखर जशीच्या तशी असेल. मग साखरेवर दोन चमचे पाणी घालून ढवळा. आता मुलांना विचारा, ‘कुणाला दुसऱ्याची मदत लागली?’ एवढ्यावर बहुतेक मुलांचे शब्द जागच्या जागी बसतात. साखर खरोखर वितळवता येते, कॅरमलसाठी कोरड्या पातेल्यात आपण तेच करतो. पण तिथे ती तपकिरी होऊन तिचा पदार्थच बदलू लागतो, म्हणून सुरुवातीला ते उदाहरण नको. वितळण्यासाठी बर्फ, तूप आणि मेण चांगले.

मराठीत या बदलांना शब्द भरपूर आहेत आणि ते आधी फळ्यावर लिहून घ्यावेत. पाणी गोठतं, पण तूप आणि खोबरेल थिजतं. दोन्ही द्रवाचा स्थायू होण्याचेच प्रकार. कपडे वाळतात, फरशी सुकते, तळं आटतं, बासुंदीसाठी दूध आटवतात. चारही ठिकाणी पाण्याची वाफ होऊन ते हवेत जातं. मुलाला हे चार वेगळे प्रकार वाटत असतात. ते एकच आहेत हे त्याला स्वतःहून कळलं तर बाष्पीभवनाचा धडा निम्मा झाला.

सामान

२० मिलीची सुई नसलेली नवी सिरिंज, १ ग्रॅमचाही फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मिलीच्या खुणांचं झाकण किंवा १०० मिलीचं मोजपात्र, घट्ट झाकणाची काचेची बरणी, आणि उणे १० ते ११० अंश सेल्सिअसचा प्रयोगशाळेतला तापमापक. लाल द्रवाचा घ्या, पाऱ्याचा नको. तापाचा तापमापक इथे चालत नाही : तो साधारण ३५ ते ४२ अंशच मोजतो, आणि काचेचा असेल तर उकळत्या पाण्यात फुटतो. बाकी सगळं घरात असतं. उकळतं पाणी, वितळलेलं मेण आणि कापूर मोठ्यांनीच हाताळायचे.

दोनच प्रश्न

कुठलाही पदार्थ समोर आला की मुलांनी दोन प्रश्न विचारायचे. भांडं बदललं तर आकार तोच राहतो का? भांडं बदललं तर व्यापलेली जागा तेवढीच राहते का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर स्थायू. आकार बदलतो पण जागा तेवढीच राहते, तो द्रव. दोन्ही बदलतात, तो वायू.

दुसरा प्रश्न विचारताना ‘आकारमान’ हा शब्द लगेच वापरू नका. ‘आकार’ आणि ‘आकारमान’ दिसायला इतके सारखे आहेत की मुलं दोन्ही एकच समजतात आणि परीक्षेत ‘द्रवाला निश्चित आकारमान नसते’ असं लिहून येतात. दोन दिवस ‘किती जागा व्यापली’ असंच म्हणा. मोजायची सवय लागली की त्याच गोष्टीला आकारमान हे नाव द्या.

द्रवाची चाचणी अशी. १०० मिली पाणी मोजून उंच पेल्यात ओता, मग पसरट ताटलीत, मग बाटलीत. प्रत्येक वेळी आधी विचारा : पाणी वाढलं, कमी झालं की तेवढंच? सात-आठ वर्षांची बरीच मुलं ‘उंच पेल्यात जास्त आहे’ म्हणतात. वाद घालू नका, परत मोजपात्रात ओतायला सांगा. ९७-९८ मिली भरलं तर ‘कमी झालं’ असा ओरडा होतो; ते दोन-तीन मिली भांड्यांना चिकटून राहिलेलं असतं. रिकामी ओली ताटली काट्यावर ठेवून कोरड्या ताटलीशी तुलना केली की हरवलेलं पाणी सापडतं. हा फरक लपवू नये, कारण मोजमापाची पहिली शिकवण त्यातच आहे. मोजपात्र वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणि नजर वक्र पृष्ठभागाच्या सर्वांत खालच्या भागावर हवी. वरून वाकून वाचलं तर आकडा चुकतो.

रवा हा द्रव आहे का?

हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर तुम्ही विचारा. रवा ओतता येतो आणि पेल्यात घातला की पेल्यासारखा दिसतो. मग द्रव का नाही? एका ताटलीत अर्धी वाटी रवा आणि दुसऱ्या ताटलीत अर्धी वाटी पाणी वरून हळूहळू ओता. रव्याचा ढीग होतो, पाण्याचा होत नाही. आता भिंगाखाली रव्याचे चार-पाच दाणे ठेवा : प्रत्येक दाणा आपला आकार धरून आहे. तो वाटीत गेला तरी तसाच, बशीत गेला तरी तसाच. आकार भांड्याप्रमाणे बदलला तो ढिगाचा, दाण्याचा नाही. साखर, मीठ, वाळू, पीठ यांचंही असंच. पुस्तकातली व्याख्या नुसती वाचली तर हा प्रश्न कायमचा अडकून राहतो, म्हणून त्याला पूर्ण तास द्यायला हरकत नाही.

याच्या पुढची पायरी कॉर्नफ्लॉवरची. एक वाटी पाण्यात दोन वाट्या कॉर्नफ्लॉवर थोडं थोडं घालत हाताने कालवा. सावकाश बोट घातलं तर ते आत जातं, मुठीने ठोसा मारला तर घट्ट लागतं. लाडू वळता येतो, आणि वळणं थांबवलं की तो बोटांतून वाहून जातो. फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मक्याचं पिवळं पीठ वापरणं. पांढरं, मऊसूत, करकर वाजणारं कॉर्नफ्लॉवरच हवं. फार पातळ झालं तर चमचाभर पीठ, कोरडं पडून भेगा गेल्या तर चमचाभर पाणी. उरलेलं मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. सुकवून कचऱ्यात टाका. पाण्यात स्टार्चचे स्थायू कण तरंगत असल्याने हे मिश्रण असं वागतं. मुलांनी त्याला स्थायू म्हणायचं की द्रव हे ठरवायचा हट्ट धरू नये. दही, टूथपेस्ट, जेली यांच्या बाबतीतही ‘हे मिश्रण आहे, म्हणून दोन प्रश्नांत बसत नाही’ हेच खरं उत्तर.

हवेला जागा लागते, आणि वजनही असतं

‘रिकामा पेला’ हा शब्द मुलांच्या मनात फार खोल बसलेला असतो. तो उखडायला सिरिंज सर्वांत सोपी. दट्ट्या २० मिलीच्या खुणेपर्यंत ओढा, टोकावर बोट घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या दाबा. मूल जोर लावून तो निम्म्यापर्यंत, म्हणजे १० मिलीच्या आसपास नेऊ शकतं. सोडला की दट्ट्या परत येतो. आता तीच सिरिंज पाण्याने भरून तसंच करा : दट्ट्या हलत नाही. वायू दाबला जातो, द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हे हाताच्या स्नायूंना कळतं. पाण्याची सिरिंजही थोडी दाबली गेली तर आत हवेचा बुडबुडा राहिला आहे. टोक वर करून टिचक्या मारा आणि तो बाहेर काढा. हवेची सिरिंज सोडल्यावर दट्ट्या परत आला नाही तर बोटाखालून हवा निसटली आहे. ५० मिलीची सिरिंज घेऊ नका; तिचा दट्ट्या रुंद असल्याने तेवढाच दाब द्यायला दुपटीहून जास्त जोर लागतो आणि मुलांना जमत नाही.

हवेच्या वजनासाठी पट्टीच्या दोन टोकांना फुगे बांधून एक फोडायचा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. तो करू नये. फुगलेला फुगा हवेतच बुडालेला असतो आणि आसपासची हवा त्याला उचलून धरते, त्यामुळे काट्यावर दिसतो तो फक्त आत दाबून भरलेल्या जादा हवेचा भार. साध्या फुग्यात तो एका ग्रॅमच्या काही दशांशांइतकाच असतो. पट्टी झुकली तरी ती बऱ्याचदा रबराचा तुकडा उडाल्याने किंवा दोरा सरकल्याने झुकते. मुलं बरोबर निष्कर्ष चुकीच्या कारणाने शिकतात.

त्याऐवजी ५ नंबरचा फुटबॉल घ्या. हवा इतकीच ठेवा की तो गोल दिसेल पण अंगठ्याने सहज दबेल. काट्यावर वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा, वाटीत बॉल ठेवून वजन लिहा. मग पंपाने तो खेळण्याइतका कडक करा आणि परत तोला. चार ते सहा ग्रॅम वाढ दिसते. हिशोबही जमतो : बॉलचं आकारमान साधारण साडेपाच लिटर, एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅम, आणि कडक बॉलमध्ये बाहेरच्या दाबाच्या पाऊणपट ते एकपट जादा हवा भरलेली असते. पंप मारताना पिनला तेल किंवा थुंकी लावली असेल तर पुसून तोला, आणि पंखा बंद ठेवा.

वितळताना तापमान थांबतं

अवस्थाबदलातली सर्वांत सुंदर गोष्ट ही आहे, आणि ती फार कमी मुलांना प्रत्यक्ष बघायला मिळते. १०० ग्रॅम बर्फ रुमालात गुंडाळून बत्त्याने बारीक करा. पेल्यात घालून त्यात दोन चमचे गार पाणी घाला, म्हणजे तापमापकाच्या फुग्याला सगळीकडून स्पर्श होईल. दर दोन मिनिटांनी ढवळून तापमान लिहा. आकडा शून्याच्या आसपास येतो आणि तिथेच बसतो. खोली तिशीत आहे, उष्णता सतत आत जातेय, तरी तापमापकातली लाल रेघ वर सरकत नाही. बर्फाचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत ती सगळी उष्णता वितळवण्यात खर्च होते. मग आकडा चढू लागतो. अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून पाळीपाळीने मुलं बसवा आणि आलेख काढून घ्या. मधला आडवा भाग मुलांनी स्वतःच्या हाताने काढला की विसरत नाहीत.

काय चुकतं : न ढवळल्यास तळाचं पाणी ३-४ अंशांवर जातं आणि आडवी रेघ तिरकी येते. तापमापक पेल्याच्या तळाला टेकला तरी तसंच. स्वस्त तापमापक शून्याऐवजी १ अंश दाखवत असेल तर घाबरू नका. रेघ सपाट आली हे महत्त्वाचं.

बर्फाचं पाणी झाल्यावर वजन बदलतं का, हेही याच दिवशी करा. बरणीत बर्फ, झाकण घट्ट, वजन लिहा. वितळल्यावर परत तोला. वजन तेवढंच यायला हवं. दोन-तीन ग्रॅम वाढलं तर बरणीच्या बाहेर दव जमलंय, ते कोरड्या फडक्याने पुसून मग तोला.

जागा मात्र बदलते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं : प्लास्टिकच्या बाटलीत १०० मिलीवर खूण करून उभी गोठवली तर बर्फ त्या खुणेच्या वर जातो. काचेची बाटली वापरू नका, फुटते. बहुतेक पदार्थ याच्या उलट वागतात. पणतीत वितळलेलं मेण थिजलं की मध्ये खळगा पडतो, कारण ते आकसतं. बर्फ पाण्यावर तरंगतो ते याच वेगळेपणामुळे.

खोबरेल तेल हा तर आपला घरचा प्रयोग. ते साधारण २४-२५ अंशांना थिजतं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरमध्ये बाटलीतून निघत नाही, मुंबईत बहुतेक वर्षभर पातळ असतं. बाटलीशेजारी तापमापक ठेवून मुलांनी महिनाभर सकाळी तापमान आणि ‘थिजलं, अर्धवट, पातळ’ यांपैकी एक नोंद करावी. तूप मात्र ठरावीक एका तापमानाला वितळत नाही, हळूहळू मऊ होत जातं; त्यात वेगवेगळे स्निग्ध घटक आहेत आणि ते वेगवेगळ्या तापमानांना वितळतात. रवाळ तुपात दाणे आणि पातळ भाग एकत्र दिसतात ते त्यामुळेच.

उकळणं, वाफ, दव

पाणी तापवताना पहिले बारीक बुडबुडे तळाला चिकटतात ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. नंतर तळापासून मोठे बुडबुडे उसळतात, ते पाण्याच्याच वाफेचे. ‘मोठ्या बुडबुड्यांत हवा असते’ हा गैरसमज मोठ्यांमध्येही असतो. किटलीच्या तोटीजवळ बघायला सांगा : तोटीला लागून बोटभर जागा पारदर्शक दिसते, पांढरं त्याच्यापुढे सुरू होतं. वाफ त्या पारदर्शक जागेत आहे. पांढरं दिसतं ते वाफ गार होऊन बनलेल्या बारीक थेंबांचं. हात जवळ नेऊ देऊ नका, तिथेच सर्वांत जास्त भाजतं.

उकळत्या पाण्याचं तापमान १०० आलं नाही तर मुलांना चूक झाली असं वाटतं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू (पाणी ज्या तापमानाला उकळतं तो) साधारण १ अंशाने उतरतो. मुंबईत १००, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. तिथे आलेला आकडाच वहीत लिहायचा. पुस्तकातला १०० लिहून टाकायचा नाही.

दवासाठी स्टीलच्या पेल्यात बर्फ आणि कोकम सरबत घालून वर झाकण ठेवा. बाहेर जमलेले थेंब पांढऱ्या कागदी रुमालाने टिपा : डाग लाल नाही. म्हणजे ते आतून झिरपलेलं नाही, हवेतल्या वाफेचं पाणी झालेलं आहे. याला सांद्रीभवन म्हणतात, काही पुस्तकांत संघनन. कोकणात किंवा पावसाळ्यात दोन-तीन मिनिटांत काम होतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या दुपारी फारसे थेंब जमत नाहीत, तेव्हा हा प्रयोग जुलैसाठी राखून ठेवा आणि मे महिन्यात माठ घ्या. मातीच्या माठातून झिरपलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. कोरड्या हवेत ते भराभर उडतं, म्हणून माठ नागपुरात छान गार होतो आणि दमट रत्नागिरीत तितका होत नाही.

कापूर

कापूर स्थायूचा थेट वायू होतो, त्याला संप्लवन म्हणतात. डांबराच्या गोळ्या विषारी असतात, त्या मुलांच्या हातात देऊ नका. कापूरही पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात, तेव्हा तो मोजून द्या आणि मोजून परत घ्या. काचेच्या कोरड्या बरणीत भीमसेनी कापराचे चार-पाच खडे घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी खिडकीजवळ ठेवा. काही दिवसांत बरणीच्या गार बाजूला, खड्यांपासून दूर, बारीक चमकदार स्फटिक लागतात. मधे द्रवाचा थेंबही दिसत नाही. खडे तिथे चालत गेले नाहीत, हवेतून गेले. बरणी अर्धवट उघडी राहिली तर काहीच जमणार नाही. आरतीत कापूर जळतो ते मात्र या धड्याचं उदाहरण नव्हे. जळाल्यावर तो कापूर राहतच नाही. दही लागणं, अंडं उकडणं, दूध नासणं हेही तसंच : घट्ट-पातळ दिसलं तरी परत मागे आणता येत नाही, म्हणून अवस्थाबदल नाही.

दाट म्हणजे जड नव्हे

गुणधर्मांपैकी ठिसूळपणा, पारदर्शकता, कठीणपणा हे वस्तू हातात दिल्या की लगेच कळतात : खडू तुटतो, तांब्याची तार वाकते, नखाने मेणावर ओरखडा उठतो, काचेवर नाही. घनतेला जास्त वेळ द्या. ‘तेल पाण्यापेक्षा दाट, म्हणून जड’ असं मुलं म्हणतात. १०० मिली तेल आणि १०० मिली पाणी तोला : पाणी १०० ग्रॅम, तेल ९१-९२. सावकाश वाहणं वेगळं आणि तेवढ्याच जागेत जास्त वजन असणं वेगळं.

विद्राव्यतेसाठी, म्हणजे पाण्यात किती विरघळतं हे बघायला, ५० मिली पाण्यात मीठ २ ग्रॅमच्या हप्त्यांनी घालत जा. साधारण १८ ग्रॅमनंतर ते तळाला राहू लागतं. साखर तेवढ्याच पाण्यात १०० ग्रॅमपर्यंत जाते. मिठाचं पाणी ताटलीत उन्हात ठेवून मीठ परत मिळवा; उरण-पेणच्या मिठागरांत हेच मोठ्या प्रमाणावर होतं.

कणांचं चित्र काढताना

पाचवीपासून पुढे कणांची गोष्ट सांगता येते. बहुतेक चित्रांत द्रवाचे कण एकमेकांपासून लांब काढलेले असतात, ते चूक. द्रवाचे कण जवळजवळ चिकटलेलेच असतात, फक्त रांगा मोडलेल्या असतात. सिरिंजमधलं पाणी दाबलं गेलं नाही ते याचमुळे. वायूत मात्र अंतर खूप. आणि बर्फाचा कण स्वतः कडक किंवा थंड नसतो, पाण्याचा कण ओला नसतो. तो कण सगळीकडे तोच असतो, बदलते ती मांडणी आणि हालचाल.

शिकलं की नाही हे बघायला व्याख्या विचारू नका. रात्री बशीत दोन चमचे पाणी ठेवा आणि सकाळी रिकामी बशी दाखवून विचारा : पाणी कुठे गेलं? ‘बशीने शोषलं’ म्हणणाऱ्या मुलाला तेच स्टीलच्या ताटलीत करायला द्या. ‘सूर्याने घेतलं’ म्हणणाऱ्याला आठवण करून द्या की रात्र होती आणि खिडकी बंद होती. ‘संपलं’ म्हणणाऱ्याला पाण्याची दुसरी बशी घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवून डबा रात्रीच तोलायला सांगा आणि सकाळी झाकण उघडण्याआधी तो अख्खा परत तोलायला लावा.